लहान पंजा, जाड मूठ: टेकडाउन रिकर्व्हच्या मुठीचं एक प्रकरण

धनुष्य ६२ इंची टेकडाउन रिकर्व्ह, म्हणजे भाग सुटे करता येणारं आणि टोकं पुढे वळलेलं. मधला रायझर फिकट आणि गडद लाकडाच्या उभ्या पट्ट्या चिकटवून केलेला, वर-खाली बोल्टने बसणारे लिंब (धनुष्याचे वाकणारे दोन हात), लिंबांवर लिहिलेलं वजन, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर, २८ इंचांवर ३५ पाउंड. तिरंदाज उजव्या हाताने दोरी ओढणारी, म्हणजे धनुष्य डाव्या हातात. तिची ओढ (दोरी मागे आणण्याचं अंतर) २६ इंच, त्यामुळे बोटांवर प्रत्यक्ष येणारा भार ३० ते ३१ पाउंड.

तक्रारी तीन होत्या. दोरी दंडाच्या खाली, कोपराच्या आतल्या बाजूला वारंवार फटका मारायची. आर्मगार्ड (हाताला बांधायचं संरक्षक कवच) असूनही त्याच्या वरच्या कडेला वळ उठायचा. तासाभराच्या सरावानंतर अंगठ्याचं बूड दुखायचं. आणि बाण आडवे पसरायचे. १५ मीटरवर सहा-सहा बाणांच्या दहा फेऱ्या मोजल्या तेव्हा उभा पसारा १५ सेंमीच्या आसपास आणि आडवा जवळजवळ ४० सेंमी निघाला.

या तिसऱ्या तक्रारीने मुठीकडे बोट दाखवलं. उभा पसारा बहुतेक वेळा ओढ कमी-जास्त झाल्याने किंवा दोरीवरची बोटं सरकल्याने होतो. आडवा पसारा धनुष्याच्या हातातून येतो, नाहीतर दोरी सोडताना उजवा हात बाहेर फेकला गेल्याने. बाणाची काडी फार कडक किंवा फार लवचीक असेल तरी बाण बाजूला जातात, पण ते सगळे एकाच बाजूला जातात. डावीकडे एक, उजवीकडे दोन, मग मधे एक असं होत असेल, तर दर बाणाला काहीतरी वेगळं घडतं आहे.

दोष लाकडाचा की ओढीचा

मूठ घासायला घेण्याआधी हा प्रश्न सोडवलाच पाहिजे, कारण काढलेलं लाकूड परत येत नाही. झेपत नाही इतकं वजनदार धनुष्य ओढणारा माणूस मूठ आवळतोच. त्याला जगातली सर्वांत सुबक मूठ दिली तरी तो तीही आवळेल.

टेकडाउनमध्ये याची पडताळणी सोपी असते. त्याच रायझरला २४ पाउंडी लिंब लावले आणि तीच तिरंदाज, तेच अंतर, त्याच फेऱ्या घेतल्या. (हलक्या लिंबांबरोबर बाणही त्यांना साजेसे, जास्त लवचीक घ्यावे लागतात, नाहीतर तुलनेला अर्थ उरत नाही.) अंगठ्याचं दुखणं कमी झालं. दंडावरचा फटका आणि आडवा पसारा मात्र तसाच राहिला. म्हणजे दुखण्याला वजनाचा हातभार होता, पण हात मुठीवर चुकीच्या जागी बसण्याचं कारण वजन नव्हतं. उजव्या हाताची सुटका मागून पाहिली, ती सरळ होती. आता मूठ तपासायला हरकत नव्हती.

मापं आणि ठसा

बोलताना गोंधळ नको म्हणून मुठीचे भाग आधी सांगतो. दोरीच्या बाजूने पाहिलं की मुठीत सर्वांत खोल गेलेली जागा असते, तो गळा. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली बेचकी तिथे टेकते. गळ्याच्या वर डावीकडे बाण ठेवायचं शेल्फ. गळ्याखाली तळहाताला आधार देणारा उतार, आणि या उताराच्या दोन्ही बाजूंना कारागिराने ठेवलेला फुगवटा. डाव्या हातात धनुष्य असेल तर अंगठा मुठीच्या उजव्या बाजूला येतो आणि बोटं डाव्या बाजूला. धनुष्याच्या मध्याला संस्कृतात ‘लस्तक’ असा स्वतंत्र शब्द आहे, अमरकोशात तो आलेला आहे. मराठीत आपण साधं ‘मूठ’ म्हणतो, आणि तो शब्द इतका चपखल आहे की त्यानेच थोडी दिशाभूल होते: धनुष्याची मूठ वळून धरायची नसते, तिच्यावर हात टेकवून पुढे ढकलायचं असतं.

तिरंदाजाचा हात मनगटाच्या घडीपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत १६६ मिमी, तळहाताची रुंदी ७३ मिमी. मुठीची रुंदी गळ्यापाशी २९ मिमी, गळ्याच्या २० मिमी खाली, फुगवट्यावर, ३४ मिमी. गळ्यापासून पुढच्या बाजूपर्यंतची खोली ४९ मिमी. गळ्याभोवती शिंप्याची टेप गुंडाळली तर घेर १३२ मिमी. एवढ्या पंजाला हे जाड होतं, पण नुसत्या जाडीवर निकाल देता येत नाही. हात कुठे टेकतो ते पाहावं लागतं.

त्यासाठी तळहातावर खडूची भुकटी चोळली आणि धनुष्य नेहमीसारखं हातात घेतलं. बाण लावून, लक्ष्याकडे तोंड करून पूर्ण ओढ घेतली, तीन मोजले आणि दोरी हळूहळू परत आणली. बाणाशिवाय ओढून चुकून दोरी सुटली तर लिंब फुटू शकतो, म्हणून ठसा घेतानाही बाण लावलेलाच हवा. गडद लाकडावर खडूचा ठसा स्वच्छ उमटतो. फिकट लाकूड असेल तर लिपस्टिक वापरावी, वार्निश शाबूत असेल तर ती पुसून निघते.

ठशाने सगळं सांगितलं. गळ्याच्या वरच्या ८-१० मिमी भागावर खडू लागलाच नव्हता. म्हणजे बेचकी गळ्यापर्यंत पोचतच नव्हती, कारण त्याआधीच तळहाताची गादी फुगवट्यावर अडत होती. पकड नीट वाटावी म्हणून मग हात आत वळवला जात होता, आणि दाब आयुष्यरेषा ओलांडून करंगळीच्या बाजूच्या तळव्यावर जात होता. डाव्या फुगवट्यावर खडूचा जाड पट्टा होता. दाब असा एका कडेला गेला की दोरी सुटताक्षणी रायझर हातात फिरतो आणि बाण निघायच्या आत दोरीची वाट वाकडी होते. हात आत वळला की कोपराची आतली बाजूही दोरीच्या वाटेत येते. दंडावरचे वळ तिथून येत होते.

आणखी एक चाचणी केली, आणि ती आम्हाला ठशापेक्षाही उपयोगी वाटते. गळ्यावर मास्किंग टेप लावली, तिरंदाजाने डोळे मिटले, हात मुठीवर ठेवला, दुसऱ्याने बेचकीच्या मध्याची खूण टेपवर केली. हात पूर्ण काढून पुन्हा ठेवला. असं दहा वेळा. दहा खुणा ९ मिमीच्या पट्ट्यात पसरल्या. आराम वाटतो का, हा प्रश्न फसवा आहे. फुगवट्याची मूठ दुकानात हातात घेतली की हमखास छान वाटते, कारण ती तळहात भरून टाकते. हात दहाही वेळा त्याच जागी पडतो का, एवढंच विचारावं.

लाकूड कुठून काढायचं

पहिला मोह गळा खोल करण्याचा होतो. बेचकी पोचत नाही ना, मग गळाच मागे न्यावा आणि तिथे जागा करावी, असं वाटतं. हे करू नये, आणि त्याची कारणं हिशेबात मांडता येतात.

लाकडी रायझर पूर्ण ओढीत गळ्यापाशी वाकायला बघतो आणि तीच त्याची सर्वांत बारीक जागा असते. आयताकृती छेद धरला तर ताठपणा रुंदीच्या पटीत आणि खोलीच्या घनाच्या पटीत बदलतो. रुंदी २९ वरून २५ केली तर ताठपणा सुमारे १४ टक्क्यांनी घटतो. तेवढेच ४ मिमी खोलीतून काढले, ४९ चे ४५ केले, तर घट जवळजवळ २३ टक्के. शिवाय ब्रेस हाइट (दोरी चढवल्यावर गळा आणि दोरी यांच्यातलं अंतर) गळ्यापासूनच मोजतात आणि ओढही गळ्यापासूनच धरतात. गळा ३ मिमी खोल केला की हात ३ मिमी पुढे जातो, ओढ तेवढी वाढते, ब्रेस हाइटचा आकडा बदलतो आणि आधीची सगळी जुळवणी परत करावी लागते. बाजू घासल्या तर यातलं काहीच हलत नाही.

म्हणून ठरलं ते असं: गळ्याच्या मध्यरेषेला फक्त पॉलिशपेपर लावायचा, कानस नाही. गळ्यापाशी दोन्ही बाजूंनी दोन-दोन मिमी काढून रुंदी २५ करायची. फुगवट्यावर ३४ ची २८ करायची, पण समान नाही: उजवीकडून दीड मिमी आणि डावीकडून साडेचार, तेही डावीकडे उतरता ढाळ देऊन, म्हणजे आयुष्यरेषेपलीकडच्या तळव्याला टेकायला जागाच उरणार नाही. ४० मिमी खाली जाईपर्यंत नवा आकार मूळ आकारात मिसळवून टाकायचा. लाकडी रायझरला, ४० पाउंडांच्या आतल्या धनुष्यासाठी, गळ्यापाशी २२ मिमीपेक्षा कमी रुंदी आणि ४५ मिमीपेक्षा कमी खोली ठेवू नये असं आमचं मत आहे.

लाकडात लपलेल्या धातूचाही विचार करावा लागतो. बऱ्याच रायझरांत मुठीखाली पुढच्या बाजूने स्टॅबिलायझरची (धनुष्य स्थिर ठेवणाऱ्या दांडीची) पितळी किंवा स्टीलची बुश बसवलेली असते. या धनुष्यात तिचा बाहेरचा व्यास १२ मिमी होता आणि काडी घालून मोजलेली भोकाची खोली २२ मिमी. रुंदी २८ झाल्यावर बुशच्या दोन्ही बाजूंना ८-८ मिमी लाकूड उरणार होतं, ते पुरेसं होतं. हा हिशेब न करता कानस चालवली आणि धातू उघडा पडला तर रायझर वाया गेला म्हणून समजावं. लाकूड काढल्यावर बनवणाऱ्याची वॉरंटी राहत नाही, हेही आधीच मान्य करून टाकावं.

नकली मूठ

भर घालून बघायची असेल तर सोपं असतं. मुठीवर स्वयंपाकघरातली प्लास्टिक फिल्म गुंडाळायची, त्यावर मुलांची खेळायची क्ले थापायची आणि हात दाबून बघायचा. लाकूड काढायचं असेल तर हा मार्ग बंद. म्हणून पॅकिंगच्या पाइनचा एक ठोकळा घेऊन त्याची नकली मूठ केली: गळा, उतार आणि शेल्फची खालची कड, एवढंच, लांबी २०० मिमी. मापं ठरवलेलीच. ठोकळ्याच्या दोन्ही टोकांना व्यायामाचा रबरी पट्टा बांधला आणि धनुष्यासारखी ओढ घेतली. पाइन मऊ असतं, तासाभरात ठोकळा तयार होतो, आणि हे तासभराचं काम पुढचे सगळे आकडे पक्के करतं.

डोळे मिटून दहा खुणांची चाचणी या ठोकळ्यावर केली, पसारा ३ मिमी आला. पहिल्या ठोकळ्यावर डावा ढाळ जास्त तीव्र झाला होता आणि हात खाली घसरत होता. दुसऱ्यावर तो १२ अंशांच्या आसपास ठेवला. हा दुसरा ठोकळा मग पुढे नमुना म्हणून समोर ठेवला.

आधी पैलू, मग गोलाई

दोरी चढवलेलं धनुष्य दोन खुर्च्यांवर आडवं ठेवून मागून पाहिलं. दोरी दोन्ही लिंबांच्या बरोबर मधोमध दिसेपर्यंत डोळा सरकवला आणि दोरी गळ्यावर आणि उतारावर जिथून जाताना दिसते तिथे पेन्सिलीने रेघ ओढली. ही मध्यरेषा. गळ्याचा माथा या रेषेवरच राहिला पाहिजे. एका बाजूने जास्त लाकूड निघालं की माथा सरकतो आणि बरोबर टेकलेला हातही तिरपा दाब देऊ लागतो. रेघेवर ३ मिमी रुंद टेपची पट्टी लावली. काम संपेपर्यंत ती तिथेच.

दोरी उतरवून लिंब काढले. शेल्फ, खिडकीची (शेल्फच्या वर बाणासाठी कापलेल्या खाचेची) बाजू आणि लिंब बसायच्या जागा टेपच्या दोन थरांनी झाकल्या. व्हाइसच्या जबड्यांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे लावून रायझर वरच्या जाड भागात धरला. लिंब बसतात त्या कडा जबड्यात धरायच्या नाहीत, तिथे खड्डा पडला तर लिंब तिरका बसतो.

तीन ठिकाणचे छेद सोल्डरच्या तारेने घेतले: गळा, २० मिमी खाली, ४० मिमी खाली. तार मुठीभोवती दाबून वाकवायची, उलगडू न देता काढायची आणि आलेखकागदावर तिच्या आतून पेन्सिल फिरवायची. त्या आकृतीच्या आत नवा आकार काढला आणि त्याचे पुठ्ठ्याचे अर्धे साचे कापले, पॉलिशपेपरसाठी सगळीकडे अर्धा मिमी राखून.

वार्निश आधी स्क्रेपरने खरवडून काढावं. थेट ८० नंबरचा पेपर लावला तर पीयू वार्निश गरम होऊन पेपरात चिकटतं आणि दोन मिनिटांत पेपर गुळगुळीत होतो. धूळ मात्र हलक्यात घेऊ नये: रायझरमध्ये शिसवीच्या जातीचं लाकूड किंवा रेझिनने भरलेल्या रंगीत चकत्या असतात, त्यांची भुकटी छातीला आणि त्वचेला त्रास देते. एन-९५ मास्क घालून, शक्यतो उघड्यावर काम करावं.

लाकूड काढायला अर्धगोल कानस, आणि गळ्याजवळच्या वळणाला गोल कानस. सुताराची रीत इथे उपयोगी पडते: आधी पैलू पाडायचे, मग गोलाई. कड ४५ अंशांत सपाट घासायची, मग त्या सपाटीच्या दोन्ही कडा पुन्हा सपाट, मग त्याही. सुरुवातीपासूनच गोल घासत गेलं तर किती निघालं ते डोळ्याला कळत नाही. पैलूची रुंदी मात्र मोजता येते, दोन्ही बाजूंची सारखी आहे का ते लगेच दिसतं. कानस कडेकडून आत चालवायची. आतून कडेकडे गेली तर चिकटवलेल्या पट्टीच्या शेवटी लाकडाचा कपचा उडतो.

क्रम असा होता: डावा फुगवटा, मग उजवी बाजू, मग गळ्याच्या दोन्ही कडा. दर वीसेक हातांनंतर साचा लावून बघायचा, दर बाजू पूर्ण झाली की लिंब चढवून ५ मीटरवरून मोठ्या लक्ष्यावर पाच-सहा बाण सोडायचे आणि खडूचा ठसा पुन्हा घ्यायचा. लिंब काढ-घाल कंटाळवाणी असते. तरीही ती टाळू नये, कारण दोरीच्या ताणाशिवाय हात मुठीवर वेगळा बसतो.

शेल्फखालची कड विशेष जपली. तर्जनीच्या सांध्याला ती रुतते म्हणून लोक ती भरपूर गोल करतात. मग हात २-३ मिमी वर सरकतो, सांधा शेल्फच्या पातळीला येतो आणि सुटलेल्या बाणाच्या पिसाचा पुढचा देठ त्याला चिरतो. ही जखम पारंपरिक धनुष्य चालवणाऱ्यांच्या ओळखीची आहे. इथे फक्त धार मोडली, एक मिमीच्या गोलाईत.

चुकलेली जागा

उजव्या बाजूला गडबड झाली. व्हर्नियरवर रुंदी २६ दिसत होती, ठरल्याप्रमाणेच, म्हणून साचा न लावता पेपर सुरू केला. लिंब चढवून सोडलेल्या बाणांचा आडवा पसारा कमी होण्याऐवजी एकाच बाजूला ढळू लागला.

कारण सापडलं ते बोट फिरवल्यावर: अंगठ्याच्या बुडापाशी १५ मिमी लांबीचा सपाट पट्टा तयार झाला होता. कानस एकाच कोनात फिरत राहिली होती. व्हर्नियर दोन बाजूंमधलं सर्वांत मोठं अंतर सांगतो, गोलाई सांगत नाही. सपाट पट्ट्यावरही तो बरोबर आकडाच दाखवतो. अंगठ्याखालची गादी मऊ असते, तिला सपाट जागा मिळाली की ती त्या जागेशी जुळवून घेते आणि सगळा हात तिच्याबरोबर फिरतो. साचा लावला असता तर मधली फट पहिल्याच वेळी दिसली असती.

दुरुस्ती एम-सीलने झाली. लाकूड ८० नंबरने खरखरीत केलं, थिनरने पुसलं, दोन्ही भाग समसमान घेऊन रंग एकजीव होईपर्यंत मळले आणि ओल्या बोटाने सुमारे एक मिमी जाडीचा थर दाबून बसवला. वार्निशवर किंवा तेलकट लाकडावर एम-सील लावली तर ती काही आठवड्यांत पापुद्र्यासारखी सुटते. २४ तास ठेवून, साचा लावत, पुन्हा घासलं. रंग राखाडी दिसतो, त्यावर पातळ चामडं चढवता येतं. दिसणंही जपायचं असेल तर अरल्डाइटमध्ये त्याच रायझरची भुकटी मिसळून भरावी. आधीच घासलेल्या लाकडाची भुकटी त्यासाठीच डबीत ठेवून द्यावी.

पेपर आणि पॉलिश

८० नंतर १२०, १८०, २४०, ३२०. प्रत्येक नंबर आधीच्याच्या आडव्या रेघा जाईपर्यंत. १८० झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड पुसून वाळू दिलं. उभे राहिलेले तंतू २४० ने कापले. हे केलं नाही तर पहिल्याच घामाने मूठ खरखरीत होते. ३२० च्या पुढे जाऊ नये. आरशासारखी मूठ घामट हातात सरकते, आणि सरकू नये म्हणून माणूस ती पुन्हा आवळतो.

पॉलिशला पातळ केलेलं पीयू वापरलं, निम्मं थिनर, फडक्याने पुसून तीन थर, दर थरामध्ये एक दिवस आणि ४०० नंबरचा हलका हात. जवसाचं उकळलेलं तेल हाताला जास्त छान लागतं, पण कोकणातल्या पावसाळ्यात ते आठवडा-आठवडा चिकट राहतं. तेलाचे बोळे चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावेत.

धनुष्य पुन्हा जुळवणं

गळ्याभोवतीचा घेर १३२ वरून १२१ मिमी झाला. ब्रेस हाइट पूर्वीसारखी १९७ मिमी, म्हणजे गळा हलला नव्हता. ठसा आता अंगठ्याच्या बुडाच्या गादीपुरता, आयुष्यरेषेच्या अलीकडे, आणि वर गळ्यापर्यंत भरलेला. डोळे मिटून दहा खुणांचा पसारा ३ मिमीच्या आत. हाताच्या सांध्यांची रेषा उभ्या धनुष्याशी ४५ अंशांच्या जवळ येऊन थांबत होती, कुणी न सांगता.

पण हात वर सरकला होता. आधी फुगवट्यावर अडणारा दाब आता सुमारे ६ मिमी वर, गळ्याजवळ आला होता, आणि याचा परिणाम नॉकिंग पॉइंटवर, म्हणजे दोरीवर बाण अडकवायच्या जागेवर, होतो. १० मीटरवरून सोडलेला बिनपिसाचा बाण शेपटी वर ठेवून रुतू लागला. अशा वेळी नॉकिंग पॉइंट लगेच खाली घेण्याची घाई करू नये. तो फार खाली असला तरी बाण शेल्फवर आपटून उसळतो आणि तसाच शेपटी वर ठेवून रुततो. म्हणून आधी २ मिमी वर नेऊन पाहिलं. शेपटी आणखी वर गेली. मग १४ मिमीवरून १२ वर आणला, बाण सरळ झाला.

तीन आठवड्यांच्या सरावानंतर १५ मीटरवरचा आडवा पसारा ४० वरून १९ सेंमीवर आला, उभा होता तसाच. यातला काही वाटा सरावाचा आहे, सगळं श्रेय लाकडाला देणं खोटं ठरेल. दंडावरचे फटके मात्र पहिल्याच दिवशी थांबले, ते सरावाने झालेलं नाही. अंगठ्याचं दुखणं २४ पाउंडी लिंबांवर पूर्ण गेलं, ३५ वर थोडं राहिलं. तिथे उपाय मुठीचा नाही. काही महिने हलके लिंबच वापरावेत.

एक जुनी सवय शेवटपर्यंत चिवट राहिली: धनुष्य पडेल या भीतीने दोरी सुटताना बोटं आवळणं. बुटाच्या नाडीचा फास अंगठा आणि तर्जनीला अडकवून धनुष्यापुढून नेला की धनुष्य पडत नाही, हे हाताला दोन-तीन दिवसांत पटतं आणि बोटं सैल होतात.

हीच रीत कुठे चालत नाही

धातूच्या रायझरची मूठ सुटी काढता येते. तिथे दुसरी मूठ विकत घ्यावी आणि तिच्यावर मनसोक्त प्रयोग करावेत. मूळची तशीच राहू द्यावी. एकसंध लाँगबोमध्ये (लांब, सरळसोट धनुष्यात) फायबरग्लासचे थर मुठीतून लिंबांत जातात. मुठीचं लाकूड जिथे पातळ होत होत थरांत मिसळतं, त्या टोकांना कानस लावू नये.

महाराष्ट्रात असंख्य मुलं इंडियन राउंड या स्पर्धाप्रकारासाठी बांबूच्या धनुष्याने सुरुवात करतात. बांबू मुठीतून सलग जात असेल तर त्याच्या बाहेरच्या, सालीकडच्या तंतूंना कधीही कापू नये, ओढ तेच पेलतात. तिथे फक्त भर घालावी: दोरा, चामडं, किंवा बॅडमिंटन रॅकेटची ग्रिप. या ग्रिपचा एक थर सुमारे अर्धा ते पाऊण मिमीचा असतो आणि घेर ४ मिमीच्या आसपास वाढवतो. मुलाचा हात वाढत असतो, तेव्हा सोडता येईल असाच उपाय बरा.

घासलेला लाकडी रायझर पहिले तीन महिने दर पंधरवड्याला तपासावा. दोरी चढवलेली असतानाच गळ्याभोवती आणि पट्ट्यांच्या जोडांवरून कापसाचा बोळा फिरवायचा. कापसाचा तंतू कुठे अडकला तर दोरी लगेच उतरवायची आणि भिंगाने पाहायचं. वार्निशची बारीक भेग असेल तर ती घासून जाते. भेग लाकडात किंवा जोडात शिरलेली असेल तर त्या रायझरवर पुन्हा लिंब चढवू नयेत.